तोंड उघडं राहिलं की काना

मुकादमाने कागद सुलटा धरूनच पुढे केला, त्यामुळे पहिली फजिती तरी टळली. गाणेबुवाने विळा काखेत दाबला, ओले तळवे कपड्यांना पुसले आणि कागद दोन्ही हातांत घेतला. मग ओठ किंचित हलवत त्याने नजर वरून खाली नेली. वाचणारी माणसं असंच करतात, हे त्याने वीस-बावीस वर्षांत नीट पाहून ठेवलं होतं. तळाला पोचल्यावर तो क्षणभर थांबला, कारण वाचणारी माणसं शेवटी जरा थांबतात.

"तुझंच ना?" मुकादमाने विचारलं.

"माझंच."

"तुझ्याच हातचं?"

"मग काय शेजाऱ्याच्या?" गाणेबुवा हसून म्हणाला.

त्याच्या मागे त्याची बायको गुडघ्याखाली गवताची पेंढी दाबून बांधत होती. तिने मान वर केली आणि नवऱ्याच्या कोपराखालून तिला कागदाचा खालचा भाग दिसला. दोन अंडी चिकटवल्यासारखा ळ आणि पोट सुटलेला म. अक्षर तिचं होतं. ती जितकं दिसलं तितकं वाचून गेली आणि तिच्या हातातला बंद सुटला. पेंढी गुडघ्याखालून फिसकटून सगळीकडे पसरली.

मुकादमाने कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली. उद्या दहाला चौकीवर यायचं, म्हणाला, आणि ज्या वहीत बघून गातोस ती वही घेऊन यायचं. जमादारसाहेबांना वाचायची आहे. मग तो उन्हातून परत गेला, बांधाबांधाने, जळलेल्या गंजीच्या काळ्या वर्तुळाला वळसा घालून.

गाणेबुवा त्याच्या पाठीकडे बघत राहिला. चौकीचं नाव ऐकून तो जरा दचकला होता, पण त्याला गाण्याचा अभिमान सगळ्यात आधी येत असे आणि शहाणपण मागून, धापा टाकत. "जमादार म्हणजे वाचणारा माणूस दिसतोय," तो बायकोला म्हणाला. "गाणं तिथवर पोचलं, बघ."

ती गुडघ्यांवर बसून विखुरलेलं गवत गोळा करत होती, आणि एकाच मूठभर काड्या पुन्हापुन्हा उचलत होती.

*

त्या साली पाऊस मध्येच दगा देऊन गेला होता. अशा साली लोक गाणाऱ्याला दारात बसवत नाहीत. पाणी देतात आणि पुढच्या दाराकडे बोट करतात. म्हणून गाणेबुवा, त्याची बायको आणि त्याची थोरली बहीण आक्का, असे तिघे चार महिन्यांपासून या मालकाच्या कुरणावर गवत कापत होते. तो कापायचा, बायको पेंढ्या बांधायची, आक्का पेंढ्या डोक्यावर घेऊन गंजीपाशी टाकायची. आक्काचे गुडघे गेले होते आणि जीभ शाबूत होती. संध्याकाळी राहायला पत्र्याची एक खोली मिळाली होती, दिवसभर तापून लाल झालेली.

गंजी तीन दिवसांपूर्वी जळली होती. भर दुपारी, सगळे झाडाखाली जेवायला बसले असताना. आधी धूर दिसला, तोही वरून नाही, मधून, जणू गंजीने कुठून तरी तोंड उघडून श्वास सोडला. राखणदार धावला, कोसळती गंजी हातांनी ओढायला गेला आणि त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून घेतले. त्याला गाडीत घालून नेताना तो ओरडत नव्हता, नुसता हातांकडे बघत होता. त्या दिवसापासून कुरणावर कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. कोणीतरी हे केलं आहे, असं मालकाचं म्हणणं होतं, आणि मालकाचं म्हणणं आहे म्हटल्यावर कोणीतरी सापडायलाच हवं होतं.

गाण्याचं असं झालं होतं. महिन्यापूर्वी, कापता कापता, गाणेबुवाने दोन ओळी जुळवल्या होत्या.

गवत आम्ही कापतो गं, उन्हात आम्ही जळतो
गंजी तुझी वाढते नि जीव आमचा गळतो

चाल विळ्याच्या हातावरच बसवलेली होती. विळा ओढताना सूर लांबायचा, मूठ बाजूला टाकताना तुटायचा. दोन दिवसांत सगळं कुरण एकाच लयीत कापू लागलं. मुकादमही खूश होता, काम भराभर उरकत होतं. पेंढ्या बांधणाऱ्यांत एक पोरसवदा बाई होती, तिला सगळे हसरी म्हणत. तिला ओळी विसरायला व्हायचं. तिने गाणेबुवाच्या बायकोला गळ घातली की, वहिनी, तुम्हाला लिहिता येतं ना, मला कागदावर द्या.

आणि वहिनीने दिलं होतं. जुन्या कॅलेंडराच्या पाठकोऱ्या पानावर, जेवणाच्या सुट्टीत, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरून. कोणी आपल्याकडे लिहिलेलं मागावं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. खाली तिने एक फूलही काढलं होतं.

आता ते फूल मुकादमाच्या खिशात होतं.

दुपारभर ती पेंढ्या बांधत राहिली. आजूबाजूच्या बायका हळूहळू सरकत दुसऱ्या ओळीत गेल्या. तिच्या दोन्ही बाजूंना गवत जरा जास्तच मोकळं दिसू लागलं. पाणी प्यायला ती मडक्यापाशी गेली तेव्हा हसरी तिथेच होती. ती हसली नाही. कागद तिने गंजीकडच्या वाटेवरच्या खांबाला लावला होता, सगळ्यांना बघून म्हणता यावं म्हणून, एवढं ती मडक्याकडे बघत सांगून गेली. आणि जाता जाता, "मला नका ओढू यात, वहिनी. माझी पोर दीड वर्षाची आहे."

*

ती वाचायला शिकली त्याला आता पाच वर्षं होत आली होती. एका पावसाळ्यात ते तिघे किराणा दुकानाच्या मागच्या पडवीत राहिले होते. ती तिथे धान्य निवडायची. दुकानदाराचा म्हातारा बाप दिवसभर शेजारी बसून खोकायचा. वेळ जाईना म्हणून त्याने तिला साबणाच्या कागदावरून आणि चहाच्या पुड्यावरून अक्षरं शिकवली. काना कधी द्यायचा, हे तिला काही केल्या कळेना. तेव्हा म्हाताऱ्याने एक युक्ती सांगितली. शब्द म्हणून बघायचा. तोंड उघडं राहिलं की काना द्यायचा, चटकन मिटलं तर द्यायचा नाही. पाऊस संपला, ते पुढच्या गावाला निघाले. उरलेलं ती गाड्यांच्या पाट्यांवरून आणि दुकानांच्या फळ्यांवरून गोळा करत गेली. पण लिहिताना तिचा गुरू तो एकच नियम होता.

त्याआधी गाणेबुवाकडे वही नव्हती असं नाही. वहीशिवाय गाणाऱ्याला लोक भिकारी समजतात, हे त्याला तरुणपणीच कळलं होतं. म्हणून तो पाण्याच्या पंपाबरोबर मिळणारं माहितीचं पुस्तक जाड पुठ्ठ्यात घालून जवळ ठेवायचा. गाताना उघडायचा आणि प्रत्येक कडव्याला पान उलटायचा. पंपाच्या चित्राकडे बघत तो विरहाची गाणी गायचा आणि बायका डोळे पुसायच्या. एकदा एका पोरीने पुस्तकातलं चित्र पाहिलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, हे हृदय आहे, आतून असंच दिसतं.

ती लिहायला लागली तेव्हा त्याने तिला खरी वही आणून दिली. संध्याकाळी तो गायचा, ती लिहायची. पहिलं गाणं लिहून झाल्यावर त्याने ते वाचून दाखवायला सांगितलं. तिने वाचलं. तो उठून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने आला. नंतर तिला मास्तरीणबाई म्हणू लागला, थट्टेने, पण चारचौघांत कधीच नाही. चारचौघांत वही त्याची होती. कुठल्या पानावर काय आहे, हे त्याला तेलाच्या डागावरून आणि दुमडलेल्या कोपऱ्यावरून कळायचं. लिहिलेल्या गाण्याला तो थोडा बिचकूनही असायचा. पूर्वी प्रत्येक गावात गाणं वेगळं निघायचं. आता तो काही बदलायला गेला की ती म्हणायची, वहीत असं नाही, आणि तो गप्प व्हायचा, मोठ्या माणसाने दटावल्यासारखा.

त्याच वहीचं पान त्या दिवशी उन्हं कलल्यावर तिने पत्र्याच्या खोलीत उघडलं. दार लोटून घेतलं आणि नवऱ्याला समोर बसवलं. आक्का भिंतीला टेकून गुडघे चोळत होती.

कागदावर काय लिहिलंय ते तिने सांगितलं. आधी त्याला समजलंच नाही. मग तिने मान खाली घालून, सूर न लावता, नुसतं वाचलं. "गावात आम्ही कापतो गं, उन्हात आम्ही जाळतो."

पत्रा थंड होताना तडतड वाजतो, तेवढाच आवाज खोलीत राहिला.

"मी जळतो म्हटलं होतं," गाणेबुवा म्हणाला. "गवत म्हटलं होतं."

"हो."

"मग?"

तिने त्याला ती ओळ गायला सांगितली, हळू आवाजात. तो गायला. गऽवऽत. विळ्याचा एक ओढा. जऽळतो. तोंड पुरतं उघडं, हनुवटी वर, डोळे मिटलेले. त्या म्हाताऱ्याच्या नियमाने बघितलं तर तिथे काना द्यायलाच हवा होता. तिने दिला होता. तो जिथे जिथे लांबवतो, तिथे तिथे पाच वर्षं ती काना देत आली होती, आणि तिला वाचताना कधी खटकलं नाही, कारण ती वाचायचीही त्याच्याच चालीत.

आता ती चाल काढून टाकून वाचू लागली. एकेक पान. तिचं बोट ओळींवरून सरकायचं आणि थांबायचं. मन माझे उडते, असं त्याचं एक गाणं होतं; वहीत मान उडत होती. घरी ये, असं म्हणणारीच्या घरावर घार आली होती. आणि साजणीच्या गाण्यात, ज्यावर लोक हमखास टाळ्या वाजवायचे, तिथे स्वच्छ लिहिलं होतं, तुझ्यासाठी मी मारतो. एकदा नाही, प्रत्येक कडव्याच्या शेवटी. साधीभोळी प्रेमाची वही, आणि सगळी खुनाखुनीने भरलेली.

"जाळ ती," आक्का म्हणाली.

आक्काचं म्हणणं सरळ होतं. कागद गेला तो गेला, निदान वही तरी त्यांच्या हाती पडू नये. वही हरवली म्हणावं. पावसात भिजली म्हणावं.

"पाऊस कुठाय?" तिने विचारलं.

"मग गाईने खाल्ली म्हणा. गाय काय साक्षीला येणार आहे?"

गाणेबुवाने वही स्वतःकडे ओढली. काना कुठला, ते दाखव, म्हणाला. तिने दाखवला. त्याने त्या उभ्या रेघेवर बोट ठेवलं, मग दुसरीवर, मग पानभर शोधत गेला. या एका खुणेला तो आता ओळखत होता, आणि ती सगळीकडे होती.

"काठ्या आहेत या," तो म्हणाला. "काठ्या घेऊन उभी आहेत माणसं."

त्याने वही मिटली. उद्या तू तोंड उघडायचं नाहीस, असं त्याने तिला बजावलं. त्याने लिहिलंय असं तो सांगून बसला होता, तेच राहू द्यायचं. बाईला चौकीत दिवसदिवस बसवून ठेवतात, त्याला ठाऊक होतं. तुरुंगाची भीती त्याला जास्त वाटत होती की चारचौघांत अडाणी ठरायची, हे तिला कळेना, आणि विचारायची तिची छाती झाली नाही. तिने वही जाळली नाही. वही उशाशी घेऊन ती आडवी झाली आणि पहाटेपर्यंत तिच्या पुठ्ठ्यावर तळहात ठेवून पडून राहिली, आतून काही तापतंय का हे बघत असल्यासारखी.

*

चौकी म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओसरी. आतल्या खोलीत भिंतीला लागून बाक, एक टेबल, त्यामागे जमादार, आणि बाजूच्या लहान टेबलावर एक बारीक, जाड चष्म्याचा कारकून. मुकादम आधीच येऊन खुर्चीवर बसला होता. आक्काला ओसरीवर थांबायला सांगितलं. तिने तिथेच पायरीवर बैठक मारली आणि उन्हाला पाठ केली.

जमादार आवाज चढवून बोलणाऱ्यांतला नव्हता. तिला त्याचीच जास्त भीती वाटली. त्याने नाव विचारलं नाही, फक्त कागद पुढे सरकवला आणि हे तूच लिहिलंस ना, असं जेवलास का विचारावं तसं विचारलं.

"हो," गाणेबुवा म्हणाला.

जमादाराने एक कोरा कागद आणि पेन पुढे ठेवलं. याच दोन ओळी परत लिही, म्हणाला. अक्षर जुळवून बघू.

गाणेबुवाने पेन घेतलं. मुठीत घेतलं, विळ्यासारखं. मग चूक लक्षात येऊन बोटांत धरलं. कपाळावरून घामाचा एक ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि कागदावर पडला. चष्मा राहिला घरी, तो म्हणाला. त्याला चष्मा कधीच नव्हता. कारकुनाने मुकाट्याने आपला चष्मा काढला, पुसला आणि त्याच्या पुढे धरला. आता घालणं भाग होतं. जाड भिंगांमागे त्याचे डोळे एवढे मोठे झाले, की तिला ते बघवेना. पेन कागदावर टेकलेलं होतं आणि शाईचा एक ठिपका हळूहळू पसरत होता. मुकादम पाय हलवत होता. जमादार थांबला होता, त्याला कसलीच घाई नव्हती.

ती उठली.

"अक्षर माझं आहे, साहेब."

"तू बस," गाणेबुवा न वळता म्हणाला.

"त्यांना लिहिता येत नाही. वाचताही येत नाही. मी लिहिलंय, आणि चुकीचं लिहिलंय."

मुकादमाने हलकेच हसून जमादाराकडे बघितलं. गाणेबुवाने चष्मा काढला, कारकुनापुढे ठेवला, आणि तळवे गुडघ्यांवर टेकून जमिनीकडे बघत बसला. वीस वर्षांचा पुठ्ठा असा दोन वाक्यांत निघाला होता. त्याचे कान लाल झाले होते, फक्त कान.

जमादाराने वही मागितली. ती देताना तिच्या हाताची बोटं वहीवरून सुटेनात, त्याला जरा ओढावीच लागली. त्याने मधलंच पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं.

"मान माझे उडते." त्याने पान उलटलं. "साजणी गं साजणी, तुझ्यासाठी मी मारतो." तो थांबला. "कुणाला मारतो?"

"स्वतःच मरतो, साहेब," ती म्हणाली. "प्रेमाचं आहे ते."

कारकुनाच्या तोंडून फुर्रकन हसू निघालं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. मुकादमही हसला. जमादार हसला नाही. वहीत सगळीकडे मारतो आणि कापतो आहे, ही गोष्ट बरी की वाईट, हे तो ठरवत असावा. तिने घाईघाईने त्या म्हाताऱ्याचा नियम सांगितला, तोंड उघडं राहण्याचा, आणि सांगता सांगता तिला तो किती पोरकट वाटला. ते जिथे लांबवतात तिथे मी काना देते, साहेब, एवढंच ती परत परत म्हणत राहिली.

"ही आता सुचलेली गोष्ट," मुकादम म्हणाला.

"बघू की." जमादाराने खांबावरचा कागद समोर सरळ केला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. "गा."

गाणेबुवाने वर बघितलं. ज्या गाण्यापायी आत जायची पाळी आली होती, तेच गायचं होतं, चौकीत, दिवसाढवळ्या. त्याने घसा साफ केला. आणि गायला. पण काय गायला. गवत आम्ही कापतो, भराभर, शब्द चटचट तोडत, मार चुकवावा तसा. जमादाराचं बोट पहिल्या कान्यावर पोचायच्या आत ओळ संपली होती. कुठेच काही लांबलं नाही. तोंड जेमतेम उघडलं.

"इथे काही लांबत नाही," जमादार म्हणाला.

"लांबवा ना हो," ती कुजबुजली. "नेहमीसारखं."

तो पुन्हा गायला आणि पुन्हा तसाच. त्याच्याने होत नव्हतं. पाच वर्षं तो ज्या काठ्यांमधून मोकळा गात होता, त्या त्याला आदल्या संध्याकाळी दिसल्या होत्या, आणि आता तो प्रत्येक काठीपाशी मान आत घेत होता. तिला वाटलं, संपलं. वही जाळली असती तर बरं झालं असतं. लिहायला शिकलेच नसते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. धप्प. थोडं थांबून, धप्प. आक्का पायरीवर बसून मांडीवर हात मारत होती. एक हात, एक थांबा. विळ्याचा ओढा आणि मुठीचं टाकणं. आत काय चाललंय याच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, निदान तिच्या पाठीवरून तरी तसंच वाटत होतं. भाऊ चुकीच्या तालावर गातोय, हे तिला सहन होत नव्हतं, लहानपणापासून.

गाणेबुवाचा उजवा हात गुडघ्यावरून आपोआप सरकला, ओढला गेला. डोळे मिटले. हनुवटी वर आली.

गऽवऽत आम्ही कापतो गं. जमादाराचं बोट ग वर होतं, सरकून कान्यावर आलं, आणि सूर अजून तिथेच होता. व, आणि पुन्हा कान्यावर. उन्हात आम्ही जऽळतो. बोट कान्यावर थांबून राहिलं, विळा पुरता ओढला जाईपर्यंत. गंजी तुझी वाढते नि जीव आमचा गऽळतो. जमादाराने खाली बघितलं. गाळतो.

कारकून उठून त्याच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला होता. त्याने वही उचलली, साजणीचं पान काढलं आणि भीतभीत म्हणाला, हेही म्हणायला लावा. मग मन माझे उडते झालं, मग घरी ये झालं. तीन गाणी. दारात दोन शिपाई येऊन उभे राहिले. एकाही अक्षराला बोट चुकलं नाही. कारकून स्वतःशी म्हणाला की, शाई जुनी आहे, डाग जुने आहेत, एका दिवसात एवढं खोटं कोणी लिहीत नाही.

"मग गंजीला आग लागली कशी?" मुकादम म्हणाला. त्याचा पाय हलायचा थांबला होता.

"ओली रचली होती," ओसरीवरून आक्का म्हणाली.

जमादाराने तिला आत बोलावलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिने आधी चौकीची जमीन किती थंड आहे ते सांगितलं, गुडघ्यांबद्दल सांगितलं, मग मुद्द्यावर आली. गाडी यायची घाई होती, म्हणून मुकादमाने सकाळचं हिरवं गवत दुपारीच रचायला लावलं. तिने दोन दिवस आधी पेंढी टाकताना गंजीत हात घातला होता. कोपरापर्यंत. आत चुलीसारखं ऊन लागत होतं. तिने मुकादमाला सांगितलंही होतं, आणि तो म्हणाला होता, म्हातारे, तुझाच हात गरम असेल.

जमादाराने मुकादमाकडे नुसतं बघितलं. मुकादमाने रुमाल काढून मान पुसली. असं काही त्याला आठवत नव्हतं.

कारकून आपल्या टेबलापाशी गेला, चष्मा चढवला आणि जाड नोंदवही पुढे ओढली. पेन उचलून त्याने विचारलं, "साहेब, काय लिहू? गंजी जळली, की जाळली?"

ती टेबलाच्या या बाजूला उभी होती. नोंदवही तिला उलटी दिसत होती, पण उलटं वाचायला ती दुकानात शिकली होती, गल्ल्यापलीकडून पुडे वाचताना. कारकुनाने गंजी लिहिलं. पेन पुढे सरकलं. ज लिहिला. आणि पेन तिथेच, ज च्या उजव्या बाजूला, कागदापासून केसभर वर थांबलं. एक काठी मावेल एवढी जागा होती.

जमादार खिडकीबाहेर बघत होता. मालकाचा माणूस समोर बसला होता आणि मालक रोजचा होता. गाणारा काय, आज आहे, उद्या नाही. तिला त्याच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. तिच्या हातांनी कपड्याचा काठ पिळून त्याची दोरी केली होती.

"जळली," जमादार म्हणाला.

पेन टेकलं. ळ. मग ली. तिने शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत डोळे हलवले नाहीत, आणि झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कारकुनाने ते पाहिलं आणि नोंदवही किंचित तिच्याकडे फिरवली.

सुटका म्हणजे मोकळीक नव्हती. आजच्या आज कुरण सोडायचं, परत या बाजूला दिसायचं नाही, जमादाराने सांगितलं, आणि ते त्यांच्या भल्यासाठीच आहे असंही वर सांगितलं. वही इथेच राहणार. तिने ती मागितली. कागदासोबत लागेल, म्हणून तो नाही म्हणाला. तिने पुन्हा मागितली तेव्हा गाणेबुवाने तिच्या दंडाला धरलं आणि बाहेर आणलं. मागे खोलीत कोणीतरी, बहुतेक शिपाई, चालीत म्हणत होता, साजणी गं, तुझ्यासाठी मी माऽरतो, आणि दोघेतिघे हसत होते.

गाणेबुवा ऐकू आलं नाही असं चालत राहिला. त्याचे कान पुन्हा लाल झाले.

*

तिसऱ्या दिवशी ते एका गावाच्या विहिरीपाशी थांबले. वाटेत तिघांत फारसं बोलणं झालं नव्हतं. तो तिच्यावर रागावला नव्हता, आणि तेच तिला खात होतं. मास्तरीणबाई असं त्याने एकदाही म्हटलं नव्हतं. मागून एखादी गाडी आली की तिघेही रस्त्याच्या कडेला उतरून, ती जाईपर्यंत उभे राहायचे.

विहिरीवर पाच-सहा बायका होत्या, दोन म्हातारे होते. एकाने विचारलं, गाणारे का? वही कुठाय? गाणेबुवाने रिकामे हात दाखवले. तोंडपाठ आहे, म्हणाला. म्हातारा जरा कुचकट हसला आणि दुसऱ्याला कोपराने ढोसलं.

गाणेबुवा उभा राहिला. आक्काने मांडीवर ताल धरला. त्याने साजणीचं गाणं काढलं, जे कुठेही पडत नाही. ती ऐकत राहिली. शब्द सगळे बरोबर होते. एकही चूक नव्हती. पण तो कुठेच थांबत नव्हता. सूर लांबायच्या जागी आला की तो आधीच घाईने पुढे सटकायचा, अंधारात कुत्रं असेल म्हणून पाऊल उचलावं तसा. आक्का ताल मुद्दाम ओढून धरत होती, तरी तो तालाच्या पुढे पळत होता. बायका कळशा उचलू लागल्या.

तुझ्यासाठी मी मरतो, तो म्हणाला. गायला नाही, म्हणाला.

ती पन्नाशीला आली होती आणि चारचौघांत कधी गायली नव्हती. तिचा आवाज जाडा होता, तिला ठाऊक होतं, धान्य पाखडताना निघतो तसा. विहिरीपलीकडच्या रस्त्यावर कोणाची तरी मोटार थांबली होती. कोण आहे, इथून दिसत नव्हतं. तिने तिकडे एकदा बघितलं. मग नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि पुढच्या कडव्याचा शेवट आला तेव्हा त्याच्या आधी तिने तोंड उघडलं.

मऽरतो. तिचा सूर हलत होता, पण तिने तो सोडला नाही. तोंड उघडंच ठेवलं, दम पुरेल तिथवर.

गाणेबुवाने दचकून तिच्याकडे बघितलं, मग मोटारीकडे. मोटारीचं दार उघडलं होतं. एक बाई कळशी खाली ठेवत होती.

त्याने डोळे मिटले आणि तिच्या सुराला आपला लावला.